इथे जेवायला चांगलं कुठे मिळतं?

1980 च्या दशकाच्या मध्यावर औषध कंपनीत मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे एमआर, म्हणून लागलो, तेव्हा टूर प्रोग्राममध्ये गाव, डॉक्टर, केमिस्ट, स्टॉकिस्ट असं सगळं लिहिलेलं असे. रात्री जेवायचं कुठे, हे मात्र ज्याचं त्याने शोधायचं. रोजचा भत्ता बेताचा, पोट बिघडलं तर दुसऱ्या दिवशीचे डॉक्टरांकडचे कॉल बुडणार, आणि गावात ओळखीचं कुणी नाही. पुढे एरिया मॅनेजर झालो, मग दक्षिण आणि पूर्व भाग माझ्याकडे आला, आणि नागपूर-सोलापूरच्या जागी कोलकाता, बेंगळुरू, कोची अशी शहरं डायरीत येऊ लागली. आता निवृत्तीनंतर त्या डायऱ्या चाळताना दिसतं, की शोधायची साधनं पार बदलली. पण मनापासून जेवलो त्या बहुतेक जागा मला एकाच प्रकारच्या माणसाने सांगितल्या होत्या. जो स्वतःच्या पैशाने, रोजच्या रोज तिथे जेवतो, अशा माणसाने.

असा माणूस लॉजच्या काउंटरवर सहसा भेटत नाही. मॅनेजर म्हणणार, बाजूलाच आपलं हॉटेल आहे. रिक्षावाला नेतो तिथे त्याचे पैसे ठरलेले असण्याची शक्यता मोठी. केमिस्टच्या दुकानातला जुना नोकर, कोर्टाबाहेरचा टायपिस्ट, एसटीच्या कंट्रोल केबिनमधला माणूस, हे खरे जाणकार. त्यांना ‘चांगलं हॉटेल कुठंय’ असं विचारलं, की ते आपली बॅग आणि गळ्यातला टाय बघून गावातलं सर्वांत महागडं नाव सांगायचे. ‘तुम्ही स्वतः दुपारी कुठे जेवता?’ असं विचारलं, की जरा थांबायचे. मग ‘तिथं तुम्हाला चालेल का, बघा’ म्हणत खरा पत्ता द्यायचे.

नागपुरात सावजी भोजनालय मला अशाच एका औषधाच्या दुकानातल्या माणसाने दाखवलं. बाहेरून ते घरच वाटावं. आत चार बाकं, काळपट रश्शावर तर्री, आणि कपाळाचा घाम पुसत जेवणारी माणसं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सावजी हे मूळचं हलबा कोष्टी समाजाचं, विणकरांचं जेवण. हातमागाचं काम आटत गेलं तसं त्यातल्या अनेक घरांनी चुलीवरच पोट भरायची सोय केली. त्यामुळे जुनी भोजनालयं हमरस्त्यावर नव्हे, वस्तीतल्या गल्ल्यांमध्ये. बाहेरच्या माणसाला ती आपोआप दिसणं कठीणच होतं.

त्या काळाची आठवण काढताना एक गोष्ट वगळणं मला पटत नाही. पत्ता सांगण्याआधी पुष्कळदा आडनाव विचारलं जाई. खानावळींच्या पाट्यांवर जात लिहिलेली असण्याचा आणि रेल्वे स्टेशनांवर हिंदू-मुसलमानांचं पाणीसुद्धा वेगळं असण्याचा काळ तेव्हा सरला होता, पण विचारायची सवय गेली नव्हती. माझ्याबरोबर फिरणाऱ्या एका सहकाऱ्याला आडनाव सांगितल्यावर ‘स्टँडजवळ बघा कुठंतरी’ एवढंच उत्तर मिळायचं. त्याच माणसाने मला मात्र आपल्या नेहमीच्या खानावळीचा बोळ बोटाने दाखवलेला असायचा. तोंडी माहितीच्या त्या दुनियेबद्दल हळहळणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवायला हवं.

कोलकात्याला बदली झाली तेव्हा मला पाइस हॉटेल कळलं, आणि कळताच ते ओळखीचंही वाटलं. पाइस म्हणजे जुना पैसा. मेसमध्ये राहणारे विद्यार्थी आणि खेड्यातून आलेले कारकून यांच्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेली ही हॉटेलं. आपल्याकडे गिरगावातल्या खानावळींनी आणि गिरणगावात बायकांनी घरोघर चालवलेल्या खानावळींनी हेच काम केलं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या त्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. घर सोडून शहरात आलेल्या माणसाला रोज परवडेल आणि रोज पचेल असं जेवण देणं ही मोठी विद्या आहे, आणि माझ्या लेखी ती कुठल्याही शेफच्या विद्येपेक्षा कमी नाही.

कॉलेज स्ट्रीटजवळ भवानी दत्त लेनमध्ये ‘स्वाधीन भारत हिंदू हॉटेल’ आहे. आधी नुसतंच ‘हिंदू हॉटेल’ होतं, स्वातंत्र्यानंतर नाव वाढलं. सुभाषचंद्र बोस प्रेसिडेन्सी कॉलेजात असताना इथे जेवायला येत, असं तिथे सांगतात. मला तिथे पाठवणारा एका स्टॉकिस्टकडचा हिशेबनीस होता. तो म्हणाला, एकच्या आत जा, नंतर पाबदा संपतो. त्या दिवशीचे पदार्थ फळ्यावर खडूने लिहिलेले होते. केळीचं पान पुढे आलं आणि वाढपी एका दमात माशांची नावं म्हणू लागला: पार्शे, ट्यांगरा, पाबदा, रुई, चितळ. प्रत्येक जिन्नसाचा दर वेगळा. भात वेगळा, डाळ वेगळी, लिंबाची फोड वेगळी, पानाचेसुद्धा पैसे वेगळे. जेवण संपल्यावर त्याने माझ्या पानाकडे एकदा बघितलं आणि गल्ल्यावरच्या माणसाला आकडा ओरडून सांगितला. हिशेब पैशापर्यंत बरोबर होता. सुरुवातीला शुक्तो, म्हणजे कारल्याची कडवट मिश्र भाजी, मधे डाळ, मग मासा, शेवटी चटणी, हा क्रम कुणी मोडत नव्हतं. शेजारच्या पानावरचे आजोबा मला पाबद्याचे काटे कसे काढायचे ते न विचारता दाखवत होते.

‘एकच्या आत जा’ हे वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं. हॉटेल कळणं अर्धंच, त्याची वेळ कळली पाहिजे. बेंगळुरूची मिलिटरी हॉटेलं हे त्याचं ठळक उदाहरण. शाकाहारी ब्राह्मणी हॉटेलांच्या शहरात मटण देणारी ती मिलिटरी हॉटेलं, आणि त्यातली बरीच तिथे स्थायिक झालेल्या मराठा कुटुंबांनी काढलेली. जयनगरच्या शिवाजी मिलिटरी हॉटेलात पानाच्या द्रोणातली दोन्ने बिर्याणी खायची तर सकाळी किंवा भर दुपारी जावं लागतं. रात्रीच्या जेवणाच्या हिशेबाने जाणाऱ्याला दार बंद मिळतं. 1943 पासून चालू असलेल्या बसवनगुडीतल्या विद्यार्थी भवनात शुक्रवारी जाऊन उपयोग नाही, कारण त्या दिवशी सुट्टी. चेन्नईत तिरुवल्लिक्केणीच्या काशी विनायक मेसमध्ये आधी टोकन घ्यायचं, आणि टोकनावरच्या वेळेला हजर राहायचं. फिरतीवरचा माणूस आपल्या वेळेने भुकेला होतो; शहर आपल्या वेळेने रांधतं. हे जुळवण्यासाठी मी कॉलच्या वेळा बदलायला लागलो, आणि डॉक्टरांनाही ते बरं पडलं, कारण दुपारी तीनला त्यांच्याकडे दुसरा एमआर नसे.

बारचं गणित निराळं. मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला. बंदी पुढे सैल झाली, तरी परवान्याची कल्पना टिकली, आणि ‘परमिट रूम’ ही पाटी आजही गावोगाव दिसते. त्या परमिट रूमनी आपल्याकडच्या बारला जी अंधारी, पडदे लावलेली तऱ्हा दिली, ती मला कधीच आवडली नाही. प्यायला बसणं म्हणजे लपणं, असं त्या खोल्या सांगत. गोव्यात पहिल्यांदा पणजीच्या फोंतान्यासमध्ये एका छोट्या बारमध्ये गेलो, तेव्हा दार सताड उघडं, शेजारचे दोन म्हातारे वर्तमानपत्र वाचत बसलेले. उन्हाळ्याचे दिवस होते, म्हणजे हुर्राकचे. काजूच्या रसाची ती पहिली वाफ फार टिकत नाही, म्हणून मार्च ते मेच तिचा हंगाम. फेणी वर्षभर मिळते. मी फेणी मागितली, तर मालक म्हणाला, आता हुर्राक घ्या, फेणी पावसात या तेव्हा. दुपारी एकला त्याने दार लोटून घेतलं आणि घरी झोपायला गेला. धंद्यापेक्षा हंगाम आणि झोप यांना मान देणारा माणूस तुम्हाला वाईट माल देत नाही, असा माझा अनुभव आहे.

केरळात हीच गोष्ट ताडीच्या दुकानाबाबत. काळ्या पाटीवर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत ‘कळ्ळ’ आणि परवान्याचा नंबर, दुसरी जाहिरात नाही. आलप्पुळाकडे जाताना आमच्या कंपनीच्या तिथल्या मुलाने गाडी अशाच एका दुकानापाशी थांबवली. सकाळची ताडी गोड होती. दिवस चढेल तशी ती आंबत जाते. पण लोक तिथे येतात ते जेवणासाठी: उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओका, आणि कुडमपुळी घातलेली लालभडक मीन करी, किंवा बदकाचं मटण. तिखट इतकं, की ताडीचा घोट मागावाच लागतो, आणि दुकानाचं सगळं अर्थशास्त्र त्या तिखटावर उभं आहे. इतकं चोख जेवण कोचीतल्या कंपनीच्या ठरलेल्या हॉटेलात मला कधी मिळालं नाही.

मग फोनवर हॉटेल शोधायचे दिवस आले. 2008 मध्ये दिल्लीतल्या ऑफिसात मेनूकार्डांसाठी सहकाऱ्यांची गर्दी होते हे बघून दोघा तरुणांनी ती कार्डं स्कॅन करून ‘फूडीबे’ नावाने इंटरनेटवर टाकली. 2010 मध्ये त्याचंच ‘झोमॅटो’ झालं. त्या दशकाच्या मध्यापर्यंत माझ्या हाताखालची मुलं कुणाला विचारेनाशी झाली होती. मी त्यांना नावं ठेवली नाहीत, कारण फायदा डोळ्यांसमोर होता. आमच्या टीममध्ये मुली आल्या होत्या. माझी ‘तुम्ही कुठे जेवता’ ही युक्ती त्यांना संध्याकाळी सातनंतर अनोळखी गावात कशी वापरता येणार? पूर्वी त्यांच्या वाट्याला ‘फॅमिली रूम’ नावाचा प्लायवूडचा कोंडवाडा नाहीतर लॉजच्या खोलीत मागवलेलं गार जेवण यायचं. आता आतले फोटो, उजेड किती, बायका बसलेल्या दिसतात का, बंद कधी होतं, हे सगळं जायच्या आधी कळू लागलं. शिवाय नकाशा आडनाव विचारत नाही.

तरी माझी एक तक्रार आहे. फोनवर हॉटेलांना मिळालेल्या ताऱ्यांमागे कोण आहे ते बघा. पुष्कळदा तोही माझ्यासारखाच पाहुणा असतो, दोन दिवसांसाठी आलेला. भवानी दत्त लेनमध्ये रोज जेवणारा कारकून शेरा लिहीत नाही. तो उद्या पुन्हा येतो, तोच त्याचा शेरा. त्यामुळे एक पाहुणा दुसऱ्या पाहुण्याला पाठवत राहतो, आणि प्रत्येक शहरातल्या त्याच पाच-सहा दारांपुढे रांगा वाढतात. 2020 मध्ये टाळेबंदीत खानावळी बंद पडल्या आणि त्याच वर्षी रील्स आल्या, तेव्हापासून हे अधिकच झालं. हवेत दहीवडा उडवणारा हात दहा सेकंदांत दाखवता येतो. रोज पचणारी डाळ दाखवता येत नाही. हिशेबनिसाने मला पाबद्याचा पत्ता दिला तेव्हा दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासमोर उभा राहणार होतो. त्याच्या शब्दाला ती जबाबदारी चिकटलेली होती.

आता फिरणं हौसेचं आहे आणि मी दोन्ही वापरतो. फोनवर तारे न बघता शेरे वाचतो, तेही स्थानिक भाषेतले. भाषांतराचं बटण असतं. कन्नडमध्ये किंवा बांगलामध्ये कुणी ‘हल्ली भात जाड झालाय’ असं लिहिलं असेल, तर तो माणूस वर्षानुवर्षं तिथे जेवतो हे उघड आहे, आणि अशी तक्रार असलेल्या हॉटेलात मी बिनघोर जातो. फोटोंमध्ये पदार्थ नव्हे, मागच्या टेबलांवरची माणसं बघतो: ऑफिसचे पट्टे गळ्यात आहेत का, कुणी एकटं जेवतंय का. एकट्याने जेवणारी माणसं जिथे जास्त, तिथे रोजचं गिऱ्हाईक आहे. आणि शहरात पोचल्यावर पहिली गोळी-बिस्किटाची खरेदी मुद्दाम जुन्या केमिस्टकडे करतो, दुपारी बाराच्या सुमाराला, कारण तेव्हा काउंटरमागच्या माणसालाही भूक लागलेली असते.