सातबारा डेटाबेसच्या आत की बाहेर?

हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यात येतं. पण त्याच तालुक्यातल्या पौड-पिरंगुटकडे जमिनीची कागदपत्रं सांभाळणाऱ्या छोट्या ऑफिसला एका कॉम्प्युटरवरचं मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसही पुरतं. गटवार नोंदी करायच्या आणि त्यांना सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा यांची स्कॅन जोडायची. ही स्कॅन डेटाबेसमध्येच भरायची, म्हणजे एम्बेड करायची, की फोल्डरमध्ये ठेवून फक्त लिंक द्यायची, यावरून बरेच गैरसमज आहेत.

‘सगळं एकाच फाइलमध्ये, म्हणजे सुरक्षित’ हा पहिला. ॲक्सेसच्या फाइलला २ जीबीची कमाल मर्यादा आहे. दहा पानांचा दस्त, पान १ एमबीचं धरलं, तर दोनशेच्या आसपास दस्तांतच ती गच्च भरते. शिवाय ती एक फाइल बिघडली की नोंदी आणि कागद दोन्ही एकदम अडकतात. जुन्या ‘ओएलई ऑब्जेक्ट’ फील्डची तर वेगळीच तऱ्हा. त्यात चित्राबरोबर बहुधा त्याची कॉम्प्रेस न केलेली बिटमॅप प्रतही साठते. ए-४ पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलं तर २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, प्रत्येकी ३ बाइट. म्हणजे १ एमबीच्या जेपीजीपायी पंचवीसेक एमबी खर्ची! २००७ च्या आवृत्तीत आलेलं ‘अटॅचमेंट’ फील्ड हा फुगवटा टाळतं, पण २ जीबीची मर्यादा तीच.

‘मग ओएलईमध्येच लिंक करू, जागा वाचेल.’ फारशी नाही. तिथेही दाखवायचं चित्र डेटाबेसमध्ये साठतंच. त्यापेक्षा साध्या टेक्स्ट फील्डमध्ये फाइलचा पाथ लिहावा आणि फॉर्मवरच्या इमेज कंट्रोलला ते फील्ड जोडावं. २००७ पासून यासाठी कोड लिहावा लागत नाही. पीडीएफ असेल तर ती हायपरलिंकनं उघडावी.

लिंकला इंटरनेट लागतं, हा निव्वळ भ्रम. फाइल त्याच कॉम्प्युटरवर असली की झालं.

लिंक दिली म्हणजे कागद डेटाबेसमध्ये आला, असं समजणं मात्र महागात पडतं. नुसता डेटाबेस पेनड्राइव्हवर घालून पुण्याला वकिलांकडे नेला, तर तिथे नोंदी दिसतील, सातबारा उघडणार नाही. फोल्डरही सोबत न्यायला हवा. त्यातही पाथ ‘डी ड्राइव्ह’पासून सुरू होत असेल तर दुसऱ्या मशीनवर तो चुकण्याचीच शक्यता जास्त. म्हणून कागदांचा फोल्डर डेटाबेसशेजारी ठेवावा आणि पाथ तिथून पुढचाच लिहावा.

नोंद खोडली की जागा मोकळी होते, हेही अर्धसत्य. आत भरलेला कागद गेला तरी ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ केल्याशिवाय फाइल लहान होत नाही. लिंक असेल तर मूळ कागद फोल्डरमध्ये तसाच राहतो.

एम्बेड करणं नेहमीच चूक, असंही नाही. खरेदीखत झालं त्या दिवशीचा सातबारा जसाच्या तसा जपायचा असतो, तो अटॅचमेंट म्हणून आत ठेवणंच बरं. चालू सातबारा मात्र फोल्डरमध्येच असावा. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून त्याच नावानं तिथे ठेवला की लिंक आपोआप नवा कागद उघडते, आत भरलेली प्रत मात्र जुनीच राहते.