चढ-उतारावरची तीनचाकी : काळजी आणि हक्क

आमच्या वारणानगर-कोडोली परिसरात बॅटरीवर चालणारी तीनचाकी आता नवलाईची राहिलेली नाही. केंद्राच्या एडिप योजनेतून कानपूरच्या अलिम्को कारखान्यात तयार झालेल्या अशा गाड्या गरजू दिव्यांगांना मिळतात. काल दुसऱ्याच्या पाठुंगळी बसून दवाखान्यात जाणारा आपला बांधव आज स्वतः गाडी चालवत बाजाराला जातो, हे पाहून आम्हाला समाधान वाटते. परंतु गाडी मिळाली म्हणजे काम संपले असे नाही. सपाट रस्त्यावर निर्धास्त वाटणारी ही गाडी चढ-उतारावर दगा देऊ शकते. म्हणून चालवणारे, त्यांचे घरचे आणि विहार समितीचे कार्यकर्ते या तिघांसाठी हे चार शब्द.

चालवणाऱ्यांसाठी

चढाला नेहमी सरळ तोंड करून लागा. तिरके चढू नका, मध्येच वळू नका. तीनचाकीला पुढे एकच चाक असते; उतारावर आडवी झाली की ती चटकन कलंडते. चढताना अंग थोडे पुढे झुकवा. दळणाची पिशवी सीटच्या पाठीला अडकवू नका. मागे वजन वाढले की पुढचे चाक उचलते. सामान पायाजवळ ठेवा. गाडी चढावर दमली तर मूठ पिळत बसू नका. ब्रेक दाबून धरा आणि मदतीला हाक मारा. त्यात कमीपणा नाही.

उतरताना जास्त सावध राहावे. उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करा, पाठ टेकून बसा, ब्रेक हळूहळू दाबा. बॅटरी वाचते म्हणून उतारावर चावी बंद करून गाडी सोडून देण्याची सवय जीवघेणी आहे. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ असते, पावसाळ्यात रस्त्यावर चिखल येतो. अशा वेळी उतारावर घाई नको. आपले तालुक्याचे ठिकाण पन्हाळगडावर आहे. कचेरीचे काम असले तरी गडाचा घाट या गाडीने चढू नका. एसटी किंवा जीपने जा.

घरच्यांसाठी

नवी गाडी आली की पहिले काही दिवस मैदानावर सराव करू द्या. ब्रेक, चाकातील हवा आणि बॅटरी रोज पाहा. लहान मुलाला मांडीवर बसवून चढ चढू देऊ नका. गाडी जड असते. मागे घसरू लागली तर एकट्या माणसाला ती रोखता येत नाही. म्हणून सोबत्याने ठीक मागे न राहता बाजूने चालावे.

विहार समितीसाठी

चालवणाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी रॅम्पच चुकीचा असेल तर उपयोग काय? जागा नाही म्हणून पायऱ्यांवरच सिमेंट ओतून केलेला रॅम्प म्हणजे घसरगुंडी. हिशेब सोपा आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. जोते दोन फूट उंच असेल तर रॅम्प चोवीस फूट हवा. जागा कमी असेल तर मध्ये सपाट टप्पा ठेवून वळण द्यावे. उंची अडीच फुटांपेक्षा जास्त असेल तर मध्ये पाच फुटांचा सपाट टप्पा लागतोच. रुंदी किमान चार फूट, दोन्ही बाजूंना कठडे आणि फरशी खरखरीत. गुळगुळीत टाइल्स बसवू नयेत.

आपल्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या या भगिनीने शेकडो अपंगांना शिक्षण आणि रोजगाराची वाट दाखवली. चाकावर बसलेला माणूस समाजाला काय देऊ शकतो याचे हे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. सार्वजनिक ठिकाणी माणूस म्हणून जाण्याचा हक्क त्यांनी बजावला. मग वंदनेला आलेला आपलाच एखादा उपासक विहाराच्या पायरीशी अडून बाहेरून हात जोडत असेल, तर ते आपल्याला शोभते काय? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालीच झाला आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायची असते. समाजमंदिर, शाळा, दवाखाना यांच्या रॅम्पसाठी ग्रामसभेत उभे राहून ही मागणी करा. ती भीक नव्हे, हक्क आहे.

येत्या १४ एप्रिलपूर्वी प्रत्येक विहार समितीने टेप घेऊन आपले जोते आणि आपला रॅम्प मोजावा. मोजमाप करताना गाडी चालवणाऱ्या बांधवाला किंवा भगिनीला सोबत घ्यावे. कुठे अडते आणि कुठे घसरते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

जयभीम!