मावशीची वाकळ आणि माझी चूक

गेल्या वर्षी संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. माझी मावशी दवाखान्यात आली. वय ७१. बाहेर पंचवीस-तीस पेशंट बसलेले. भाच्याच्या दवाखान्यात नंबर लावायचा असतो हे तिला मान्य नसल्यामुळे ती थेट आत आली आणि म्हणाली, "अरे, हा हात बघ. रात्री दोन वाजता झोपेतून उठवतो. नुसत्या मुंग्या. झटकत बसते तेव्हा कुठं बरं वाटतं."

मी विचारले, "दिवसभर काय करतेस?"

"काय करणार? वाकळ शिवते."

झाले! निदान मला आयते मिळाले. मनगटाच्या आतल्या बाजूने एक अरुंद बोगदा जातो. त्यातून बोटे वाकवणाऱ्या शिरा आणि एक मोठी चेतातंतूंची नस पंजात उतरते. बोगद्यात सूज आली की ही नस दाबली जाते आणि अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात. करंगळी मात्र सुटते. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मावशीचे सगळे वर्णन त्यात चपखल बसत होते. मी म्हटले, "आता सुईला हात लावायचा नाही. वाकळ बंद." गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

वाकळ म्हणजे गोधडी, हे सातारा भागातील वाचकांना सांगायला नको. जुनी लुगडी, धोतरे, फाटक्या चादरी धुऊन, एकावर एक अंथरून त्यावर धावदोरा घालायचा. कडेने सुरुवात करून चौकोनामागून चौकोन घालत आत आत यायचे. मावशीच्या एका वाकळेला दोन-अडीच महिने लागतात. आमच्या घराण्यात पाळणा हलणार असे कळले की तिचे दुपटे पेढ्यांच्या आधी तयार असते. दुपारी तिच्या सोप्यावर आळीतल्या तीन-चार बायका आपापले काम घेऊन येत. कोणाचा क्रोशा, कोणाचे लोकरीचे विणकाम, एकीचे नुसतेच बोलणे.

मावशीने माझे ऐकले. डॉक्टर भाचा सांगतो म्हणजे खरेच असणार, असे समजून तिने अर्धवट वाकळेचे गाठोडे बांधून माळ्यावर टाकले.

चैत्रात मावसभावाचा फोन आला. "आई बोलत नाही रे फारशी. दुपारभर पडून असते. टीव्ही चालू असतो, पण बघत नाही. जेवणही कमी झालंय." मी संध्याकाळी गेलो. सोपा रिकामा होता. बायका येईनाशा झाल्या होत्या. हातात काम नाही तर दुसऱ्याच्या दारात नुसते कसे बसायचे, हा आपल्याकडचा जुना संकोच. मावशी आत पलंगावर होती. बाहेर उन्हाने डांबर वितळत होते आणि तिने अंगावर शाल घेतली होती.

मी विचारले, "हात कसा आहे?"

"हात? तो तसाच आहे की."

वाचकहो, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जवळजवळ तीन महिने सुई धरली नाही, तरी मुंग्या तशाच. मग दोष सुईचा कसा? मनगटातली ही नस केवळ हातकामाने दाबली जाते असे नाही. मधुमेह, संधिवात, गरोदरपण, आणि थायरॉईड ग्रंथी मंदावणे, यांतही ती दाबली जाते. ऐन चैत्रात थंडी वाजणे, आवाज जाड होणे, कातडी कोरडी पडणे, बद्धकोष्ठ, सतत मरगळ ही सगळी थायरॉईड मंदावल्याची लक्षणे माझ्यासमोर शाल पांघरून बसली होती. दुसऱ्या दिवशी रक्त तपासले. साखर ठीक होती, टीएसएच मात्र खूप वाढलेले निघाले. जी तपासणी जानेवारीत करायला हवी होती ती मी एप्रिलमध्ये केली. पेशंटची गर्दी होती हे खरे, पण ती सबब म्हणून मी सांगत नाही.

मावशीला कमी मात्रेपासून थायरॉक्सिनची गोळी सुरू केली. ती सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यायची, आणि चहा अर्ध्या-पाऊण तासाने. या शेवटच्या अटीवरून आमचे भांडण झाले. रात्री मनगट सरळ राहावे म्हणून बांधायला पट्टा दिला. आणि माळ्यावरचे गाठोडे मी स्वतः खाली काढले.

आता कोणी विचारील, मावशी खचली होती ती थायरॉईडमुळे की वाकळ सुटल्यामुळे? मला नेमके वेगळे काढता येत नाही. गोळीचा पूर्ण गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात. पण गाठोडे सोडल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशीच तिने भावाला बाजारातून पांढऱ्या दोऱ्याची रिळे आणायला पिटाळले, आणि त्याने आणलेला दोरा कसा कच्चा आहे हे त्याला ऐकवले. तोवर गोळीने काही केले असेल असे मला वाटत नाही.

हातकाम हे औषध आहे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना इस्पितळात टोपल्या विणायला, माग चालवायला देत. त्यातून व्यवसायोपचार हे शास्त्र वाढले. आपल्या देशात त्याचे पहिले विद्यालय १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केले. जन्माने त्या अमेरिकन, लग्नानंतर मुंबईकर झालेल्या. फलटणला त्यांच्या नावाची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा आहे. गाडीतून जाताना पाटी अनेकांनी वाचली असेल. व्यवसायोपचारतज्ज्ञ तर त्या हात 'बंद' करण्याऐवजी तो कसा चालू ठेवता येईल ते आधी पाहतात. मी शिकलो तेव्हा हा विषय आम्ही परीक्षेपुरता वाचला होता.

२०१३ साली इंग्लंडमधील एका व्यवसायोपचाराच्या नियतकालिकात विणकाम करणाऱ्या ३,५४५ जणांची पाहणी छापून आली. जे वारंवार विणत त्यांनी मन अधिक शांत वाटत असल्याचे सांगितले आणि चारचौघांत बसून विणणाऱ्यांना त्याचा जास्त लाभ जाणवला. अर्थात ही विणकाम आवडणाऱ्यांनीच दिलेली उत्तरे आहेत. ज्याला सुई पाहून कपाळशूळ उठतो त्याने कशाला फॉर्म भरला असता? तेव्हा यावरून विणकामाने नैराश्य बरे होते असा अर्थ काढून कोणी चालू गोळ्या बंद करू नयेत.

मावशीला परवानगी दिली, पण अटींवर. जमिनीवर एक पाय पसरून तासन् तास वाकून बसायचे नाही. पाठीला भिंत, गुडघ्याखाली उशी. अर्ध्या तासाने उठून अंगणात एक फेरी, त्यात बोटे उघडमीट करायची आणि लांबच्या झाडाकडे पाहायचे, म्हणजे डोळ्यांनाही विसावा. उजवा हात चालतो म्हणून उजेड डाव्या खांद्यावरून घ्यायचा. सुई मोठ्या नाकाची. जाड थरातून ती बोटाने रेटायची नाही, शिंपी वापरतात ते अंगुस्तान घालायचे. थर पाचाऐवजी तीन. हे तिला अजिबात पटले नाही. "तीन थरांची काय वाकळ असते? ती चादर." शेवटी चारावर तडजोड झाली.

मधुमेह असलेल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. बोटांची संवेदना कमी झालेली असते, सुई टोचलेली कळत नाही आणि जखम चिघळते. काम संपताना बोटे नीट पाहावीत आणि सुया मोजून डबीत ठेवाव्यात. अंथरुणात राहिलेली सुई घरातल्या रांगत्या मुलाला लागते, हे मी दोनदा पाहिले आहे.

दिवसाही बोटे बधिर राहू लागली, हातातून कपबशी निसटू लागली, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. नस फार दिवस दाबलेली राहिली तर हातातली ताकद पूर्ण परत येत नाही. त्यावरची शस्त्रक्रिया छोटी असते, बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. मात्र एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, सोबत तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो मनगटाचा आजार नव्हे. तो पक्षाघात समजून त्याच क्षणी मोठे रुग्णालय गाठावे. हात चोळत बसू नये.

पावसाळ्याच्या तोंडाशी सोपा पुन्हा भरला. मावशीच्या नातीने अर्ध्या वाकळेचा फोटो मोबाइलवर काढून आपल्या मैत्रिणींच्या गटात टाकला. दोन दिवसांत सोलापूरहून एका अनोळखी बाईचा फोन आला. तिच्या आजीची वाकळ उसवली होती आणि कोपरा कसा वळवायचा ते तिला येत नव्हते. मावशीने फोनवर समजावून पाहिले, जमेना. मग नातीला समोर धरून कोपरा चार वेळा उसवून परत घातला आणि त्याची चित्रफीत पाठवली. त्या बाईने आठवड्याने तिचा कोपरा पाठवला. मावशी चष्मा वर करून बराच वेळ पाहत होती. म्हणाली, "टाके लांब आहेत. पण पोरीला वळण आहे."

मुंग्या आता क्वचित येतात. दर काही महिन्यांनी टीएसएच पाहतो. गेल्या रविवारी ती दवाखान्यात आली, अर्थात नंबर न लावता. तपासणीच्या टेबलाभोवतीचा हिरवा पडदा चिमटीत धरून तिने पाहिला.

"हे जुने झालेत. नवे घेशील तेव्हा फेकू नकोस. धुऊन पाठव."