कर्दळ घेताना आधी पान पाहा

कुंडलला आमच्या कापड दुकानामागे दहा फूट जागा आहे. तीन वर्षांपूर्वी एका फेरीवाल्याकडून चित्र पाहून कर्दळीचे बारा कंद घेतले. चित्रात फूल पिवळे होते, आले तांबडे. पानांवर फिकट चट्टे पडले. शेवटी सगळे उपटून जाळले. हात लावल्याशिवाय कापड न घेणारा मी इथे फसलो!

तेव्हा जे शिकलो ते व्यापारी बांधवांना सांगतो. कर्दळ फुलावर असतानाच पाहून ठरवावी. तिच्या काळ्या, टणक बियांच्या तसबीह आणि जपमाळा होतात. पण संकरित जातीच्या बीपासून तसेच फूल येईल याचा भरवसा नाही. जात टिकते ती कंदातून.

जागा पाहून उंची निवडावी. भिंतीलगत लाल 'प्रेसिडेंट', वाटेच्या कडेला पिवळ्या काठाची ठेंगणी 'ल्युसिफर'. पानांचीच शोभा हवी तर पिवळ्या पट्ट्यांची 'बेंगाल टायगर'. 'प्रिटोरिया' हे तिचेच दुसरे नाव, तेव्हा एकच माल दोनदा घेऊ नका. तिचे पट्टे शिरांबरोबर जातात आणि सगळ्या पानांवर सारखे असतात. तुटक रेघा, चट्टे, मुरडलेली पाने दिसली तर विषाणूरोगाचा संशय घ्यावा. त्यावर औषध नाही, आणि तो कंदाबरोबर पुढे जातो.

कंद टणक, दोन-तीन डोळ्यांचा घ्यावा. भरपूर उन्हात, दीड-दोन फुटांवर लावावा. चांगला कंद दोन-तीन वर्षांत शेजाऱ्यांना वाटण्याइतका वाढतो. रोगट कंद वाटला तर रोगच वाटला जातो. म्हणून स्वस्त मालाला भुलू नये.