शस्त्र वेगळे, तर डावही वेगळा

सुट्टीत दुपारची जेवणे आटोपली की आम्ही घरची मंडळी चटईवर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' मांडून बसतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ साली आला. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट पुढे नेतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होतात. वार बसला की हुकला, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. फासे असले तरी पैसा लावायचा नसतो.

नवा खेळाडू शस्त्रांच्या यादीत सर्वांत मोठा आकडा शोधतो. आमच्या थोरल्यानेही तेच केले. २०१४ च्या नियमपुस्तकात हॅलबर्डची जखम दहा बाजूंच्या फाशाने मोजतात, आणि दोन्ही हातांनी धरलेल्या लांब तलवारीचीही.

"मग फरक काय, अब्बा?"

फरक पल्ल्याचा. तलवार पाच फुटांवर पोचते, हॅलबर्ड दहा फुटांवर.

हॅलबर्ड म्हणजे लांब दांड्यावर कुऱ्हाडीचे पाते, टोकाला अणी आणि मागे आकडी. चौदाव्या शतकात स्विस पायदळ अशा शस्त्रांनी घोडेस्वारांना भिडले. १३१५ ची मॉर्गार्टनची लढाई त्यासाठी ओळखली जाते. पात्याने तोडायचे, अणीने रोखायचे, आकडीने स्वाराला खाली ओढायचे. पुस्तकात आकडीसाठी वेगळा नियम नाही. समोरच्याला ढकलून पाडण्याचा मात्र आहे. तोच आम्ही दहा फुटांपर्यंत लागू केला. आकडी वापरली तर त्या वारात जखम होत नाही. दोघे ताकदीचा फासा टाकतात, हल्ला करणारा जिंकला तर समोरचा पडतो. अरुंद जिन्यात मात्र हॅलबर्ड फिरवता येत नाही, नुसते भोसकता येते, हेही आम्ही ठरवून टाकले.

घोडेस्वाराच्या लान्सची अडचण तर नियमातच आहे. शत्रू पाच फुटांच्या आत आला की दोन फासे टाकून कमी आकडा धरावा लागतो. घोड्यावर नसाल तर दोन्ही हातही त्यातच गुंततात.

धाकटीने जाळे निवडले. रोमच्या आखाड्यातले हे शस्त्र मध्ययुगाहूनही जुने.

"जाळ्याने किती जखम होते?" तिने विचारले.

"काहीच नाही, बेटा."

भाऊ हसले. खरेच, जाळे पंधरा फुटांपलीकडे जात नाही, आणि ते फेकल्यावर त्या पाळीत दुसरा वार करता येत नाही. पण अडकलेला जागचा हलत नाही, त्याचे वार कच्चे पडतात, त्याच्यावरचे सोपे होतात. ताकदीच्या फाशावर दहा आणल्याशिवाय किंवा जाळे कापल्याशिवाय सुटका नाही, आणि त्यात त्याची पाळी जाते.

त्या डावात गावकऱ्यांना पळवणारा दरोडेखोर हाती लागायचा होता. थोरल्याच्या हॅलबर्डने तो मेला असता, तर ओलीस कुठे आहेत हे सांगणारे कुणी उरले नसते. धाकटीने जाळे टाकले. दरोडेखोर जिवंत सापडला, बोलला, आणि संध्याकाळपर्यंत गावकरी घरी पोचले. मग भावांनीच तिला विचारले, "पुढच्या वेळी आम्ही कुठे उभे राहू?"

तेव्हापासून खेळाआधी प्रत्येकजण आपल्या शस्त्राविषयी दोन ओळी लिहितो: इतरांना न जमणारे काय जमते, आणि कुठे अडते. तुम्ही हा खेळ मांडलात तर या दोन ओळी आधी लिहून घ्या. घरात सर्वांत लहान असेल, त्याच्या शस्त्राचाही मग लढाईत उपयोग निघतो.