कुत्र्याचा कान, त्याची खाज आणि आपले समज

पावसाळा सुरू झाला की लॅब्राडोर किंवा कॉकर स्पॅनियल पाळणाऱ्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "कानात पाणी गेलं, म्हणून कान फुटला." मग मागच्या वेळचे उरलेले थेंब कपाटातून बाहेर निघतात, चार दिवसांत वास कमी होतो आणि दोन महिन्यांनी तोच कुत्रा पुन्हा डोकं झटकू लागतो. त्या मुक्या जिवाचा हा त्रास पुष्कळसा टाळता येतो. आड येतात ते आपले समज.

त्यातला सगळ्यात घट्ट समज म्हणजे कानाचं दुखणं कानापुरतंच असतं. कानाची नळी आतून त्वचेनंच मढवलेली असते, त्यामुळे अंगाच्या त्वचेला ॲलर्जी असेल तर ती कानातही असते. धूळकिडे, परागकण, बुरशीचे कण यांची ॲलर्जी, म्हणजे ॲटोपी, असलेल्या साधारण निम्म्या कुत्र्यांचे कान बिघडतात; काहींच्या बाबतीत तर कान हेच एकमेव लक्षण असतं. ॲलर्जीनं आतली त्वचा सुजते, मळ जास्त सुटतो, नळी अरुंद आणि ओलसर होते. मग तिथे आधीपासूनच थोड्या संख्येनं राहणारं मॅलेसेझिया नावाचं यीस्ट आणि स्टॅफिलोकोकस जिवाणू भराभर वाढतात. संसर्ग दिसतो तो नंतर. मूळ कारण त्याच्या आधी तिथे असतं. दमट हवा, पोहणं, लोंबते कान यांचा हातभार लागतो हे खरं, पण लोंबत्या कानांचे कितीतरी कुत्रे जन्मभर निरोगी राहतात. वर्षातून दोन-तीनदा कान बिघडत असेल, सोबत पंजे चाटणं आणि पोट खाजवणं असेल, तर ॲलर्जी आहे असंच धरून पुढची तपासणी करावी, असं माझं ठाम मत आहे.

उरलेले थेंब का नकोत? तपकिरी, आंबूस वासाचा मळ यीस्टकडे बोट दाखवतो आणि पिवळा पू जिवाणूंकडे, पण नुसत्या वासावरून खात्री होत नाही. कानातला मळ काचपट्टीवर घेऊन, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की काही मिनिटांत उत्तर मिळतं. औषध कधी थांबवायचं हेही वास गेला म्हणून ठरत नाही. तीच तपासणी पुन्हा करून ठरतं. दुसरी गोष्ट कानाच्या पडद्याची. पडदा फाटलेला असताना जेंटामायसिनसारखं औषध आतल्या कानापर्यंत पोचलं, तर ऐकू येणं आणि शरीराचा तोल या दोन्हींवर घाला येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी यंत्रानं आत पाहिल्याशिवाय कानात काहीही घालू नये. लसूण घालून कोमट केलेलं खोबरेल, व्हिनेगर, हायड्रोजन पेरॉक्साईड हे सगळं यात आलं. कापूस गुंडाळलेली काडीही नको: कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते, त्यामुळे काडीनं मळ बाहेर न येता वळणापाशी ठासला जातो.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाऊस संपल्यावर माळरानावरचं गवत वाळतं, कुसळं सुटतात. अशा दिवसांत फिरून आल्याआल्या कुत्रा अचानक एकाच बाजूचा कान झटकू लागला, तर कानात कुसळ गेल्याची शक्यता मोठी. ते थेंबांनी विरघळत नाही, काढावंच लागतं. नुसतं डोकं झटकू देत बसलं, तर कानाच्या पाळीतली रक्तवाहिनी फुटून पाळी रक्तानं फुगते.

हल्ली एक नवा समज जोरात पसरला आहे: "भात बंद करा, यीस्टला साखर मिळते." कुत्र्याच्या त्वचेवरचं मॅलेसेझिया वाढतं ते त्वचेतल्या स्निग्ध पदार्थांवर. ताटातल्या भातामुळे कानात यीस्ट पोसलं जात नाही. भात बंद केल्यानं कुत्रा उपाशी राहील, कान बरा होणार नाही.

खरी अन्नाची ॲलर्जी ही वेगळी बाब आहे आणि तिच्याबद्दलचे गैरसमजही वेगळे. नवीन खाद्य सुरू केलं म्हणून ती झाली, असं अनेकांना वाटतं. पण बहुधा ती महिनोन्‌महिने खाल्लेल्या पदार्थाचीच होते. जगभरच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या तेव्हा गोमांस, दूध, चिकन आणि गहू हे पदार्थ वरच्या क्रमांकांवर आले. आपल्या घरांत कुत्र्याच्या वाडग्यात काय असतं? दूध-पोळी आणि चिकन-भात. रक्त, लाळ किंवा केस पाठवून अन्नाची ॲलर्जी ओळखणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नयेत. त्यांचे निष्कर्ष भरवशाचे नसतात. उपाय एकच: कुत्र्यानं पूर्वी कधीच न खाल्लेलं प्रथिन, किंवा डॉक्टरांनी सुचवलेलं, प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं खास खाद्य किमान 8 आठवडे द्यायचं. बाकी काही म्हणजे काही नाही. आजोबांनी चहाबरोबर दिलेलं बिस्किट, चघळायचं हाड, चिकनच्या स्वादाची जंताची गोळी, यातली एक गोष्टही सगळी मेहनत वाया घालवू शकते. "आठवडाभर चिकन बंद केलं, काही फरक नाही" हा निकाल धरता येत नाही. खाज कमी झाली तर जुनं अन्न पुन्हा देऊन पाहायचं. खाज परतली, तरच अन्न दोषी. घरातल्या सगळ्या माणसांचं एकमत झाल्याशिवाय हा प्रयोग सुरू करू नये.

"पिसू एकही दिसत नाही" यावरही विसंबू नये. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला थोडे चावेही पुरतात आणि त्या पिसवा तो स्वतःच चाटून गिळतो. शेपटीच्या बुंध्याशी, कमरेवर केस गळून खाज असेल तर आधी त्यांचा बंदोबस्त करावा. त्यांची अंडी आणि अळ्या गाद्यांत, सतरंज्यांत, फटींत असतात, म्हणून घर आणि घरातले सगळे प्राणी एकाच वेळी हाताळायचे. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं कुत्र्यांचं औषध तिच्या आसपासही नको. मांजरासाठी ते जीवघेणं आहे.

आता लूत. केस गळालेला, कातडी जाड झालेला रस्त्यावरचा कुत्रा दिसला की काही जण दयेपोटी त्याच्या अंगावर गाडीचं जळकं ऑईल ओततात. हे थांबायलाच हवं. वापरलेल्या ऑईलमध्ये जड धातू आणि विषारी हायड्रोकार्बन असतात. कुत्रा ते चाटतो, उरलेलं भाजलेल्या कातडीतून शरीरात जातं. शिवाय लूत ही एक नव्हेच. डेमोडेक्स हा किडा केसांच्या मुळाशी राहतो, पिल्लांना आईकडून मिळतो आणि माणसाला लागत नाही. पिल्लाच्या तोंडावरचे एकदोन टक्कल पडलेले ठिपके पुष्कळदा आपोआप भरून येतात. सार्कोप्टिस मात्र खरी खरूज. कानाच्या कडा, कोपरं, घोटे यांवर खपल्या धरतात, खाज असह्य असते आणि माणसाच्या हातांवरही काही दिवस पुरळ उठतं. दोन्हींवर आता आयसॉक्साझोलिन गटाच्या गोळ्या आहेत. खाण्यातून देता येतात, रस्त्यावरच्या कुत्र्यालाही. ज्याला झटके येतात त्याला मात्र त्या डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात. सरसकट टोचलं जाणारं आयव्हरमेक्टिन कोली आणि त्या रक्ताच्या अनेक कुत्र्यांच्या मेंदूत उतरतं, कारण त्यांच्यात ते बाहेर ठेवणारं जनुक बिघडलेलं असतं. त्यांच्यासाठी मोठा डोस प्राणघातक ठरू शकतो.

आंघोळीबद्दल थोडक्यात: माणसाचा शाम्पू नको, कारण कुत्र्याची त्वचा आपल्यापेक्षा कमी आम्लधर्मी असते. डॉक्टरांनी दिलेला क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू आठवड्यातून दोनदाही चालतो, मात्र तो अंगावर 10 मिनिटं राहायला हवा.

स्टेरॉईडला कुणी अमृत मानतं, कुणी विष. तीव्र सुजेत थोड्या दिवसांसाठी दिलेलं स्टेरॉईड कुत्र्याला खरा आराम देतं. महिनोन्‌महिने चाललं, तर सतत तहान, वारंवार लघवी, संसर्ग आणि मधुमेहापर्यंत प्रकरण जातं. मेडिकलमधून आणलेलं, स्टेरॉईड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेलं मलम तर लावूच नये; ते कुत्रा चाटतो आणि नायटा असेल तर तो आतल्या आत पसरतो. ॲटोपी मुळापासून बरी होत नाही, पण ऑक्लासिटिनिबसारख्या गोळ्यांनी खाज आटोक्यात ठेवून कुत्रा वर्षानुवर्षं सुखानं जगू शकतो.

दवाखान्यात जाताना खाज कधी सुरू झाली, कोणत्या महिन्यांत वाढते, तो काय काय खातो, आधी कोणती औषधं झाली, हे कागदावर लिहून न्या. निम्मं निदान त्यातूनच होतं. आणि कुत्रा डोकं एका बाजूला झुकवून चालत असेल, तोल जात असेल, कानाला हात लावला की ओरडत असेल किंवा पाळी फुगली असेल, तर घरगुती काही न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.