शर्यतीआधीचे तीन आठवडे



आमच्या घरात सध्या एकच विषय चालू आहे. माझे धाकटे काका येत्या जानेवारीत मुंबईच्या मॅरेथॉन शर्यतीत धावणार आहेत. ते काही मोठे खेळाडू नाहीत. माडांची बाग सांभाळतात आणि आवड म्हणून पहाटे धावतात. गेल्या वर्षीही त्यांनी नाव घातलं होतं. पण शर्यतीला दहा दिवस उरले असताना ते फार जोरात धावले आणि पोटरी धरली. चार महिन्यांची मेहनत फुकट गेली. म्हणून या वेळी ते शेवटचे तीन आठवडे फार जपून आहेत. ते काय काय करतात आणि का करतात, हे त्यांना विचारून मी इथे लिहीत आहे.

मॅरेथॉन म्हणजे किती अंतर?

मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते. मैदानाची एक फेरी २०० मीटरची धरली, तर जवळजवळ २११ फेऱ्या होतात! हे अंतर पहिल्यांदा १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये धावले गेले आणि १९२१ मध्ये कायमचे ठरले. मधल्या काळात अंतर कमीजास्त असे. १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे ते पावणेत्रेचाळीस किलोमीटर होते. त्या शर्यतीत भारतातर्फे बेळगावचे फडेप्पा चौगुले धावले. त्यांनी सुमारे २ तास ५० मिनिटांत शर्यत पुरी केली आणि त्यांचा १९ वा नंबर आला. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली.

काकांना नंबर नको आहे. त्यांना पाच तासांच्या आत पोचायचे आहे. म्हणजे एक किलोमीटर साधारण सात मिनिटांत, आणि असे बेचाळीस वेळा. करून बघा हिशेब!

धावणे कमी का केले?

काका आठवड्याला ६० किलोमीटर धावत होते. खाडीच्या रस्त्याने, हातात बॅटरी घेऊन. शर्यतीला तीन आठवडे उरले तेव्हा एका रविवारी ते सलग ३० किलोमीटर धावले. त्यानंतर त्यांनी धावणे कमी केले. पुढच्या आठवड्यात ४५ किलोमीटर, मग ३०, आणि शेवटच्या आठवड्यात शर्यत सोडून फक्त १२.

हे बघून आजी म्हणाली, "शर्यत जवळ इली आणि आताच धावणा कित्याक कमी केलंस रे?"

काका म्हणाले, "आये, दिसभर नांगर ओढलेल्या बैलाक कोण रातचो परत जुपता काय?"

त्याचे कारण असे आहे. खूप धावल्यावर पायाच्या स्नायूंना बारीक बारीक इजा होते. ती आपल्याला दिसत नाही, पण पाय दुखतात. विश्रांती मिळाली की शरीर ती भरून काढते आणि स्नायू पहिल्यापेक्षा बळकट होतात. ताकद धावताना येत नाही, धावून झाल्यावर येते. तिला यायला दिवस लागतात. शेवटच्या आठवड्यात कितीही धावले तरी तिचा फायदा शर्यतीपर्यंत पोचत नाही. फक्त थकवा पोचतो.

पण काका नुसते बसून राहत नाहीत. अंतर कमी केले तरी मधे मधे थोडा वेळ शर्यतीच्या वेगाने धावतात, म्हणजे पायांची सवय सुटत नाही.

भाताचे काम

आपण भात, पेज, भाकरी खातो. त्यातली साखर शरीर स्नायूंत आणि यकृतात साठवून ठेवते. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. मॅरेथॉनमध्ये बहुतेकांचा हा साठा तीसेक किलोमीटरनंतर संपत येतो. मग पाय शिशासारखे जड होतात. म्हणून शेवटचे दोन-तीन दिवस काका भात जास्त आणि तेलकट, तिखट कमी खाणार आहेत. धावणे कमी आणि भात जास्त, म्हणजे कोठार भरलेले राहते.

पाण्याचेही तसेच. तहान लागेल तसे पाणी प्यावे. उगाच तांब्यावर तांब्ये प्यायले तर रक्तातले मीठ पातळ होते आणि माणूस आजारी पडतो. हे ऐकून मला नवलच वाटले!

काकांचे आणखी नियम

१. शर्यतीच्या दिवशी नवे बूट नाहीत, नवे कपडे नाहीत, नवीन खाणे नाही. जे सवयीचे तेच.

२. रोज सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजायची. १५ सेकंद मोजून चारने गुणायचे. नेहमीपेक्षा बरीच जास्त आली तर शरीर थकले आहे किंवा ताप येऊ घातला आहे असे समजून त्या दिवशी धावायचे नाही.

३. या दिवसांत माडावर चढायचे नाही. पाय मुरगळला तर वर्ष गेले.

४. झोप भरपूर घ्यायची. शर्यत रविवारी पहाटे असते. आदल्या रात्री धाकधुकीने झोप लागत नाही. म्हणून काका गुरुवारीच सावंतवाडी स्टेशनवरून रातची गाडी धरणार आहेत. शुक्रवारी मुंबईत आत्याकडे पोटभर झोपणार.

काका म्हणतात, "धावणं सोपं, न धावणं कठीण." खरंच, रोज पहाटे त्यांना जाग येते आणि ते ओटीवर येरझाऱ्या घालतात. पाय शिवशिवतात. आपण कमी तर पडणार नाही ना, अशी भीती वाटते. पण गेल्या वर्षीची पोटरी आठवते आणि ते परत आत येतात.

आपण काय करायचे?

आपल्याही क्रीडास्पर्धा जवळ आल्या आहेत. आपली शर्यत १०० नाहीतर २०० मीटरची, पण नियम तोच. सराव आत्तापासून रोज थोडा थोडा करूया. आदल्या दिवशी मैदानावर दमेपर्यंत धावायचे नाही. त्या रात्री लवकर जेवून लवकर झोपायचे. आणि पालकांनो, त्या दिवशी आम्हाला उशिरापर्यंत जागवू नका हं! आंबा आढीत घातला की तो रोज चाचपून बघत नाहीत. बघितला तर डागतो. केलेल्या सरावाचेही तसेच आहे. त्याला पिकायला थोडे दिवस द्यावे लागतात.

— इयत्ता ७ वी